रॅपचं पुस्तक आणि वाचनालयातल्या बाई

वाचनालयातल्या बाईंचं नाव निघालं की लाँड्रीवालीच्या पोटात दुखायचं, आणि महिनाभर ते नाव दिवसातून दहादा निघत होतं. नवरा लाँड्रीच्या काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकांना रॅपचा इतिहास ऐकवायचा. "बाई सांगत होत्या, हे सगळं गल्लीतल्या पार्ट्यांमधून सुरू झालं." मागे ही घामाघूम होऊन इस्त्री ओढत असायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हिचं एक वाक्य त्या माणसाने असं कुणाला कौतुकाने सांगितलं असेल तर शपथ.

बाईंनी त्याला एका रॅप ग्रुपवरचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. एका दुपारी तो कपडे पोचवायला गेला तसं तिने ते उघडलं. एवढं काय सोनं लागलंय त्याला, बघू तरी. खूण अकराव्या पानावर होती. म्हणजे स्वारी वाचतच नव्हती, पुस्तकाच्या निमित्ताने नुसत्या खेपा चालल्या होत्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रागारागाने ती वाचायला बसली आणि मेलं ते पुस्तक हातातून सुटेना. वाद्यं घ्यायची ऐपत नाही, म्हणून पोरांनी एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड आलटून पालटून फिरवल्या, ड्रमचा तेवढाच तुकडा लांबवत नेला आणि त्यावर कुणीतरी यमकं जुळवून बोलायला लागलं. धुण्याचं मशीन फिरत राहिलं, ती वाचत राहिली. चार दुपारींत पुस्तक संपलं.

शनिवारी बाई स्वतःच पडदे न्यायला आल्या. नवऱ्याने आधी केसांवरून हात फिरवला. तिने ते बरोबर टिपलं.

"मग," बाईंनी त्याला विचारलं, "जुने डीजे रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून का काढायचे, वाचलंत का?"

"डाग पडले असतील," तो म्हणाला.

बाई त्याला हसल्यासुद्धा नाहीत, हेही तिला खुपलं. इस्त्री उभी करून ती पुढे आली.

"गाणं कुठलं ते कुणाला कळू नये म्हणून," ती बाईंकडे रोखून बघत म्हणाली. "आपलं ते दुसऱ्याने पळवू नये म्हणून. मी असते तर मीही तेच केलं असतं."

बाईंचा चेहरा खुलला. "अहो, तुम्ही वाचलंत? मग पुढचं पुस्तक तुम्हालाच देते. यायला जमेल ना?"

"जमवते की," ती म्हणाली. "आणि यांचं कार्ड तेवढं रद्द करून टाका. यांचं वाचून झालंय."