धाकट्याची बंदूक

ताईचं चौकात लोखंडी दारं-खिडक्यांचं दुकान. समोरच तिच्या धाकट्या भावाचा पुतळा उभा राहत होता. युद्धात तो कामी आला, त्याचं शौर्यपदक आईनं घेतलं, आणि आता गावानं एवढा मान दिला म्हणून ताईचं मन भरून आलं होतं.

अनावरणाच्या आदल्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी तिला मुद्दाम बोलावून कापड बाजूला केलं. चेहरा हुबेहूब होता. मग नजर खाली उतरली. पुतळ्यानं छातीशी बंदूक धरली होती.

"ही कुणाची?"

"शिपाई म्हटल्यावर बंदूक हवीच ना, ताई."

"तो जखमींना उचलून आणायचा. उभ्या युद्धात त्यानं एक गोळी झाडली नाही. गोळीबारात रिकाम्या हातांनी माणसं पाठीवर घालून आणली, म्हणून तर पदक मिळालं."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "खरंय. पण बिनहत्यारी शिपाई लोकांच्या गळी उतरत नाही. उद्या मंत्री येतायत. आता बदल होणे नाही."

"बघू," एवढंच म्हणून ताई घरी आली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "दार आपटलं तरी दचकायचा गं तो."

"तेच सांगतेय ना. असा भित्रा पोरगा पुन्हा पुन्हा त्या आगीत गेला. त्यांना ते पुरत नाही."

आईनं हातातली घडी बाजूला ठेवली. "शिडी नीट टेकव उद्या. घाईत असतेस."

सकाळी ताईनं दुकानातून वायर ओढली, शिडी लावली आणि कटर चालू केला. बंदूक लोखंडाची, मागाहून जोडलेली होती, सांधा उघड दिसत होता. ठिणग्या उडाल्या तशी गर्दी जमली. अध्यक्ष धावत आले, मागोमाग फौजदार. तोवर कुबडी घेतलेला एक पाहुणा पुढे येऊन शिडी धरून उभा राहिला होता.

"बाजूला व्हा," फौजदार म्हणाले. "तुम्ही कोण?"

"त्याच्या पाठीवरून परत आलेला माणूस. मला ठेवून तो आणखी एकाला आणायला गेला, तो आलाच नाही." त्यानं शिडीवरचा हात हलवला नाही. "यांना उतरवायचं तर आधी मला उचला."

फौजदारांनी शिडीकडे पाठ फिरवून गर्दी मागे हटवायला घेतली. बंदूक खणकन खाली पडली.

मंत्री आले, त्यांनी पुन्हा घातलेल्या कापडाची दोरी ओढली. रिकाम्या हातांचा धाकटा सगळ्या गावानं पाहिला. अध्यक्ष बोलायला उठले, पण लोकांनी कुबडीवाल्यालाच माइकपाशी नेलं. तो बोलत असताना आई पहिल्या रांगेत ताठ बसून होती.

ताईवर मात्र मोडतोडीचा खटला झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "केल्याचा पस्तावा होतो का?"

"होतो," ताई म्हणाली. "सांधा घासून गुळगुळीत करायचा राहिलाय. तेवढी परवानगी द्या."