साडू-साडूंचा संकर

आमचे हे आणि ताईचे यजमान एकाच संशोधन केंद्रात रताळ्याची नवी वाणं काढतात. दोघांचं एकेक वाण गाजलेलं, त्यामुळे दोघांनाही आभाळ ठेंगणं. मला ते दोन्ही वेल सारखेच दिसायचे, पण तसं म्हटलं की हे आठवडाभर फुगून बसायचे.

साहेबांनी फर्मान काढलं, या दोन वाणांचा संकर करा. झालं! रोज भल्या सकाळी हे भावजींच्या वेलाचे पराग आणून आपल्या फुलांना लावायचे आणि माशी शिरू नये म्हणून फुलांची तोंडं दोऱ्याने बांधायचे. भावजी तिकडे याच्या उलट करायचे. बोंड एकही धरेना. दुसऱ्या कुठल्याही वाणाशी दोघांचंही जमायचं, आपसात मात्र नाही.

"त्याचे परागच मेलेले," हे म्हणाले. "याची फुलंच नाठाळ," भावजी म्हणाले. भांडण घरापर्यंत आलं आणि ताईचं माझ्याकडे येणं बंद झालं. नवऱ्यांच्या फुलांपायी सख्ख्या बहिणींनी तोंडं फिरवायची! मला तिच्यावाचून करमेना.

एकदा जेवताना यांनी ज्ञान पाजळलं. "रताळ्याचं फूल फार मानी. आपल्याच वेलाचा पराग आला की ओळखतं आणि रुजू देत नाही. त्या वेलाचा तुकडा दुसरीकडे नेऊन लावा, तरी फसत नाही."

माझा घास हातातच राहिला. "अहो, तुमचं वाण मुळात आलं कुठून?"

"निवड केली. वर्षानुवर्षं. कष्टाने."

"आईच्या परसातून आलं! तिने एकाच वेलाचे दोन तुकडे करून आम्हा दोघींना दिले होते. एक मी लावला, एक ताईने."

हे पांढरेफटक पडले. ताट तसंच टाकून भावजींकडे धावले आणि परतले ते त्यांच्या गळ्यात गळा घालून. महिन्याभरात दोघांच्या नावाने शोधनिबंध निघाला, 'दोन अतिदूरच्या वाणांमधील दुर्मिळ बेबनाव'. साहेब खूश. दोघांच्या बढतीची शिफारस गेली.

"आता ताईला बोलावते," मी म्हटलं.

"भलतंच काय! तुम्ही दोघी भेटलात की तोंडाला कुलूप राहायचं नाही. बढती होईपर्यंत तरी नको."

म्हणजे हे भांडले म्हणून भेट बंद, आणि यांचं जुळलं तरी बंदच! माझं डोकंच फिरलं. यांच्यासमोरच फोन उचलला.

"ताई, उद्या दुपारी ये. आईच्या वेलाची रताळी उकडतेय. हो, साहेबांच्या बायकोलाही बोलावलंय."