खाटेमागची भिंत

पेंटरने बोट ओलं केलं आणि भिंतीवरच्या एका अक्षरावर घासलं. अक्षर हललं नाही.

"मार्कर आहे हा," तो म्हणाला. "नुसता रंग मारला तर परत वर येईल. आधी ऑइल प्रायमर, तो वाळला की रंगाचे दोन हात. तीन दिवस धरा."

"माझ्याकडे उद्या चारपर्यंतच वेळ आहे, दादा."

"मग दुसरा कुणी बघा."

दुसरे तिघे बघून झाले होते. एका खोलीचं काम म्हटल्यावर पहिल्याने फोनच ठेवून दिला. दुसरा येतो म्हणाला आणि आला नाही. तिसऱ्याला अख्खं घर हवं होतं. हा चौथाही निघू लागला तशी ती नकळत दारात आडवी उभी राहिली.

"घर सोडतोय आम्ही. उद्या चारला मालकीणबाई ताबा घेण्याआधी बघायला येणार. भिंती अशा दिसल्या तर डिपॉझिट बुडालंच समजा. ते सोमवारी एका ठिकाणी भरायचंय." तिने आवाज खाली आणला. "नाही भरलं तर वृद्धाश्रमातली बाबांची जागा दुसऱ्याला देतील."

पेंटरने खोलीभर नजर फिरवली. चारही भिंती छातीच्या उंचीपर्यंत लिहिलेल्या. 'गॅस बंद करणे.' 'लेक पाचला येते. घाबरू नये.' 'दूधवाला चोर नाही.' वडिलांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली होती. कागद हरवायला लागले तेव्हा त्यांनी भिंत धरली, आणि भिंतीवरही शब्द मोजूनच लिहिले.

"आज प्रायमर मारतो. उद्या उजाडताच येतो," पेंटर अखेर म्हणाला. "पैसे सगळे आधी. सामान मलाच आणायचंय. आणि घासाघीस नको."

तिने डब्यातलं पाकीट काढून तसंच त्याच्या हातात दिलं. महिन्याचा किराणा त्यात होता. त्याने ते खिशात घातलं आणि सामान आणायला गेला.

स्वयंपाकघरात वडील खुर्चीवर बसले होते. गेल्या महिन्यात ते तीनदा घराबाहेर निघून गेले होते, एकदा एकाच पायात चप्पल घालून. तिची रजा संपली होती. भाऊ दूर राहायचा आणि फोनवरून सल्ले तेवढे न चुकता पाठवायचा. सोमवारचं वडिलांना सांगायला तिची जीभ अजून रेटली नव्हती.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"पेंटर. भिंती मळल्यात ना."

"मी मळवल्या?"

ती भांडी विसळत राहिली.

दुपारी पेंटर सामान घेऊन परतला आणि कामाला लागला. तीन भिंती पांढऱ्या झाल्यावर आतून खाट सरकवल्याचा आवाज आला. मग पेंटरची हाक आली.

"ताई, हे वाचलंत का?"

"सगळं वाचलंय. मारा तुम्ही."

"खाटेमागचं?"

ती आत गेली. अगदी खाली, उशीच्या उंचीवर, कुशीवर पडून लिहावं तशा तिरक्या ओळी होत्या.

'लेक थकली. मला कुठे ठेवते म्हणाली तर हो म्हणणे. कुठे, का, विचारू नये. रडली तर दुसरीकडे बघणे.'

त्याखाली तेच पुन्हा, वेगळ्या शाईने. त्याखाली पुन्हा. शेवटच्या वेळी 'लेक'मधला 'क' दोनदा पडला होता.

पेंटरच्या ब्रशवरून प्रायमर जमिनीवर ठिबकत होता.

"एवढं राहू देऊ का? खाट लावली की झाकलं जाईल."

"खाट आमचीच आहे. ती जाणार."

 त्याने ब्रश डब्याच्या काठाला निपटून आडवा ठेवला. "टर्पेंटाइन संपलंय. घेऊन येतो." टर्पेंटाइनची बाटली खिडकीत अर्धी भरलेली होती.

तो परत आला तेव्हा खाटेमागची भिंत पांढरी झाली होती. ती जमिनीवर बसली होती. कोपरापर्यंत हात माखलेले, मूठ ब्रशवर आवळलेली.

"फराटे उठलेत," तो म्हणाला. तिच्या हातातून ब्रश सोडवून घेतला आणि पुन्हा एकदा भिंतीवरून रोलर फिरवला.

दुसऱ्या दिवशी पेंटरने उजाडताच येऊन रंगाचे दोन हात मारले. चारला मालकीणबाई आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी चारही भिंती पाहिल्या, एका कोपऱ्यात नखाने खरवडूनही पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. डिपॉझिट देऊन त्या गेल्या.

तिने वडिलांना आत आणून खाटेवर बसवलं. समोर स्टूल ओढलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, मग उगाच काढून पुन्हा लावलं.

"बाबा, सोमवारी तुम्हाला एका ठिकाणी ठेवणार आहे मी. तिथे राहायचं. मी येत जाईन."

वडिलांची नजर भिंतीवर गेली. वरून खाली आली, शेजारच्या भिंतीवर गेली, मग त्यापुढच्या. त्यांनी मान वळवून खाटेमागेही पाहिलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

तिने पुन्हा त्यांच्या बटणाकडे हात नेला.

"का गं?"

तिच्या डोळ्यांना धार लागली. वडील तिच्याकडेच बघत राहिले.