परदेशी असल्याचा पुरावा

छत्तीसगढ भोपाळपासून वेगळं होऊन दीडेक वर्ष झालं होतं, तरी रायपुरातल्या निम्म्या सरकारी पाट्यांवर ‘छ.ग.’च्या खालून ‘म.प्र.’ डोकावत होतं. रंगाचा एकच हात मारला की असं होतं. आम्ही तात्यापाऱ्यातली माणसं घराचा उंबरठा न ओलांडता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलो होतो, राजधानीचे नागरिक झालो होतो, आणि नळाचं पाणी पूर्वीच्याच वेळी जात होतं.

त्याच दिवसांत माझ्या बहिणीच्या सुनेला, इरावतीला, ड्रायव्हिंग लायसन्स हवं होतं.

इरावती मॉरिशसची. तिच्या घराण्यातला कोणी पूर्वज रत्नागिरीकडून ऊस तोडायला जहाजात बसला आणि परतीचं विसरला. त्यामुळे तिचं नाव, नाक आणि केस आपल्याकडचे, पासपोर्ट तिकडचा. घरात ती क्रेओल बोलत वाढली, शाळेत फ्रेंच शिकली. पुण्याला कॉलेजात आली तेव्हा मराठी शिकली, तिथंच माझ्या भाच्याशी, परागशी लग्न ठरवलं, आणि रायपुरात येऊन ते मराठी आमच्या पद्धतीनं बिघडवून घेतलं. वडिलांची बेकरी होती. पहाटे पावाची गाडी घेऊन ती अख्खं बेट फिरायची. रायपुरात आल्यापासून तिचा सगळ्यात लांबचा प्रवास स्वयंपाकघर ते गच्ची एवढा होता. पराग नव्या मंत्रालयात. नवं राज्य उभं करण्यासाठी तो सकाळी जायचा आणि राज्य तसंच आडवं ठेवून रात्री परत यायचा.

मग तिला नोकरी चालून आली. शहराबाहेर, जिथं नवी राजधानी वसणार अशी बातमी होती आणि सध्या म्हशी वसलेल्या होत्या, तिथं एक निवासी शाळा निघाली होती. तिथं फ्रेंच शिकवायचं. मुख्याध्यापिका क्षमा मॅडमनी स्वच्छ सांगितलं, “जुलैच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा. तिकडे बस नाही, ऑटोवाले येत नाहीत. गाडी स्वतः चालवत असाल तर या, नाहीतर भिलाईची एक बाई तयार आहे.”

इरावती घरी येऊन जेवताना म्हणाली, “आई, वर्ष झालं. शेजारचे अजून विचारतात, पाहुणी किती दिवस आहे. ही नोकरी गेली तर मी पण स्वतःला हेच विचारीन.”

माझी ताई, म्हणजे मीनाक्षी, घास हातात धरून बसली. भाऊजी, म्हणजे शालिग्रामराव, रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढं काय चाललंय याचा अंदाज घेण्यात घालवली होती. त्यांना सुनेच्या आवाजातला लाल दिवा लगेच दिसला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दारातली जुनी मारुती बाहेर काढली आणि स्वतः शेजारी बसून तिला रायपूर शिकवायला सुरुवात केली.

गाडी तिला येतच होती, अडचण वेगळी होती. ती बोलायची नाही. कोणी आडवा आला की थांबायची, हसायची आणि त्याला जाऊ द्यायची. गुढियारीच्या फाटकाजवळ ती एकदा अशी हसत इतका वेळ थांबली की मागच्या माणसानं उतरून गाडी बंद पडली का म्हणून बॉनेट उघडायला सांगितलं.

“बेटा,” भाऊजी म्हणाले, “इथं गाडीले चार चाकं, दोन हात अन् एक तोंड लागते. तोंड बंद ठेवशील तर इथंच राहशील. म्हण माह्या मागं. काहून बे, रस्ता काय तुह्या सासऱ्यानं आंदणात देल्ला का?”

इरावतीनं ते शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं.

“असं नाही. आंघोळीले पाणी थंड निघालं असं समजून म्हण.”

पंधरवड्यात तिचं ते वाक्य असं तयार झालं की गल्लीतले स्कूटरवाले भाऊजींना दुरूनच नमस्कार करू लागले.

शिकाऊ लायसन्स सहज मिळालं, कारण त्या दिवशीच्या बाबूनं पासपोर्ट उघडलाच नाही. साडीतली बाई बघितली, तात्यापारा ऐकलं आणि ठप्पा मारला. पक्क्या लायसन्सच्या वेळी मात्र खिडकीवर हरिदास नावाचे बाबू होते, आणि ते वाचत असत. सरकारी खिडकीवर वाचणारा माणूस बसला की काय होतं हे लोकांना माहीत नसतं, कारण असे प्रसंग कमी.

मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे राज्याचं काही काम निघालं की घरचे मला सोबत पाठवतात. राज्याला माझ्या विषयाचा पत्ता नाही, हे मी त्यांना पटवू शकलेलो नाही.

हरिदासबाबूंनी पासपोर्ट उलटसुलट बघितला. मग माझ्याकडे. “ये तो विदेशी का है.”

“हो, विदेशीच आहे.”

“तो विदेशी को लाइए ना, भैया. खुद आना पड़ता है.”

“ही काय, उभी आहे.”

हरिदासबाबूंनी इरावतीकडे बघितलं. पोपटी सुती साडी, कुंकू, हातात भाऊजींनी सोबत दिलेला पाण्याचा थर्मास. “नमस्ते भैया,” ती म्हणाली, आणि तिथंच बिघडलं.

“भैया, हमको मत पढ़ाइए,” हरिदासबाबू मला म्हणाले. “आज तक लोग झूठा कागज़ लाते थे कि हम यहीं के हैं. ये पहला केस है. आप तो वर्धा-नागपुर साइड के लगते हैं.”

“मी ओरिजिनल आहे,” इरावती म्हणाली.

“वही तो.”

निकाल असा लागला की संशय असल्यामुळे वरून पत्र मागवावं लागेल. वरून म्हणजे पूर्वी भोपाळहून. आता वर कोण आहे हे ठरायचं होतं, ते ठरलं की पत्र येईल. तोपर्यंत भिलाईच्या बाईचं पहिलं सत्र संपलं असतं. फार तर, हरिदासबाबू म्हणाले, शुक्रवारी इन्स्पेक्टर खोडेसाहेब चाचणी घेतात. त्यांची खात्री पटली तर त्यांची मर्जी. शुक्रवारनंतरचा सोमवार हा तो सोमवार होता.

संध्याकाळी घरात बैठक बसली.

“दिसली पाहिजे विदेशी,” भाऊजी म्हणाले. “बस. गार्डाच्या अंगावर युनिफॉर्म नसला तर त्याची शिट्टी कोणी ऐकत नाही.”

ताई स्टुलावर चढली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. इरावतीचे मॉरिशसचे कपडे तिनं स्वतःच त्यात घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवले होते. “वर्षभर मी हिले इथली करून राहिली,” ती फ्रॉकवर इस्त्री फिरवत म्हणाली. “साडी शिकवली, पुरण शिकवलं. अन् आता सरकार म्हणते तिकडची करून आणा. आधी सांगता येत नव्हतं का मुर्द्यायले?”

“आई, हा फ्रॉक मी समुद्रावर घालत होते.”

“लायसन्ससाठी घाल. मी तिकडे पाहत नाही.”

“अन् मराठी एक शब्द नाही,” भाऊजींनी बजावलं. “हिंदी पण नाही. नुसतं फ्रेंच. पाणी मागायचं तरी फ्रेंच.”

“मला पाणी मिळणार नाही, बाबा.”

“नाही मिळालं तर जास्त खरं वाटते.”

शुक्रवारी इरावती निळा फ्रॉक, काळा चष्मा आणि उन्हाची टोपी घालून गेली. परिणाम तत्काळ झाला. रांगेनं आपणहून वाट दिली. कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी पंख्याचं तोंड तिच्याकडे फिरवलं. हरिदासबाबू उठून उभे राहिले, “वेलकम मैडम,” म्हणाले आणि मला म्हणाले, “देखिए, असली को लाते तो उस दिन ही हो जाता.”

मग त्यांनी तिचा रहिवासी परवाना उघडला. पोलिसांकडे परदेशी लोकांची नोंद होते तेव्हा मिळतो तो. त्यावर फोटो होता. पोलिसात जायचं तर सभ्य दिसावं म्हणून ताईनं त्या फोटोसाठी तिला स्वतःची पैठणी नेसवली होती, डोक्यावर पदर दिला होता आणि नथसुद्धा.

हरिदासबाबूंनी फोटो बघितला, फ्रॉक बघितला. “फोटो में तो उस दिन वाली हैं,” ते हळूच म्हणाले. “भैया, आपने औरत ही बदल दी.”

“बोंजूर,” इरावती म्हणाली. तिचाही नाइलाज होता.

खुर्ची परत गेली. पंखा पूर्वीच्या दिशेला वळला. आवाज वाढले तसे आतून इन्स्पेक्टर यज्ञेश्वर खोडे बाहेर आले. पन्नाशीचे, उन्हानं आणि कंटाळ्यानं सारखेच वाळलेले. टेबलावर त्यांची स्वतःचीच एक जाड फाइल कायम उघडी असे. दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा कर्मचारी वाटले गेले, आणि मध्य प्रदेशात राहिलेल्या पांढुर्ण्याचे खोडेसाहेब छत्तीसगढच्या वाट्याला आले. आपण इथले नाही, असा अर्ज ते तेव्हापासून करत होते.

त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. पासपोर्ट बघितला, नथ बघितली, टोपी बघितली. “गाड़ी चलानी आती है?” त्यांनी विचारलं.

इरावतीनं माझ्याकडे बघितलं. मी फ्रेंच असल्यासारखी मान हलवली.

“चलिए. बाकी बाद में.”

खोडेसाहेब पुढे बसले, मी मागे. इरावतीनं पट्टा लावला, आरसा नीट केला, दिवा दाखवून गाडी रस्त्यावर काढली. पंडरीपर्यंत तिनं इतकी सुंदर गाडी चालवली की मला भीती वाटायला लागली. अशी गाडी रायपुरात कोणी चालवत नाही, साहेबांचा संशय वाढेल की कमी होईल, मला कळेना. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी एकदाच विचारलं, “मॉरिशस में बायें चलते हैं कि दायें?” ती “आ गोश” असं काहीतरी म्हणाली आणि डाव्या हातानं दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

पंडरीच्या कापड बाजारातून एक सायकलरिक्षा गठ्ठ्यांचा डोंगर घेऊन उलटी मागे सरकत रस्त्यावर आली. चालवणाऱ्याला मागचं दिसत नव्हतं, आणि त्याची त्याला गरजही वाटत नव्हती. इरावतीनं ब्रेक दाबला. मारुती गठ्ठ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. माझं डोकं पुढच्या सीटवर आदळलं. इरावतीनं काच खाली केली, टोपी मागे सरकवली, आणि आंघोळीला थंड पाणी निघाल्यासारखं सगळ्या पंडरीला ऐकू गेलं:

“काहून बे! रस्ता काय तुह्या सासऱ्यानं आंदणात देल्ला का?”

रिक्षावाल्यानं गठ्ठ्यांमागून डोकं काढलं. फ्रॉक, चष्मा, टोपी, सगळं त्याच्यासमोर होतं.

“हव दीदी,” तो छत्तीसगढीत म्हणाला. “नइ देखेंव, दीदी.” आणि त्यानं रिक्षा पुढे घेतली.

इरावतीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि चष्म्यामागून समोर बघत राहिली. सोमवार, शाळा, क्षमा मॅडम, सगळं त्या काचेतून बाहेर गेलं होतं. “सॉरी, मामा,” ती मराठीत म्हणाली. आता फ्रेंच वाचवून उपयोग नव्हता.

खोडेसाहेबांचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला असेल.

“आमच्या पांढुर्ण्याले माहा बाप हेच म्हणे,” ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्या ऑफिसात कोणी त्यांच्या तोंडून मराठी ऐकलं नसेल. “फक्त बैलाले म्हणे. कोणी शिकवलं तुले?”

“सासऱ्यांनी.”

“तरीच.” त्यांनी डोळे पुसले. “पाहा सर,” ते मागे वळले, “तुमची ही पोरगी विदेशी आहे का नाही, ते पोलिसायनं पाहून शिक्का मारला. ते त्यायचं काम. माह्यं काम दोनच. तिले गाडी येते का, अन् थे इथं राहते का. गाडी तर तुम्ही पाहिली.”

“आणि राहते?”

“रिक्षावाला काय म्हणला? फ्रॉक पाहून मॅडम म्हणला का? दीदी म्हणला. मले इथं दीड वर्ष झालं, मले अजून साहेब म्हणतेत.” ते परत समोर वळले. “मी पण कधी कोणाले शिवी देल्ली नाही म्हणा. डोक्यात एकच, की आज ना उद्या जायचं आहे.”

मग त्यांनी गाडी वळवायला सांगितली. ऑफिसात हरिदासबाबूंनी वरच्या पत्राची आठवण करून दिली तेव्हा साहेब म्हणाले, “वर मीच आहे, जोपर्यंत आहे तोपर्यंत,” आणि सही केली. नवीन राज्यात माणसाला वर बसायची अशी संधी अचानक मिळते. हरिदासबाबूंनी सहीसुद्धा वाचली. मग इरावतीला पाणी विचारलं. तिनं मराठीत मागितलं आणि तिला ते मिळालं.

सोमवारी सकाळी सगळा तात्यापारा आपापल्या दारात काहीतरी झाडत होता. इरावती साडी नेसली होती, काळा चष्मा मात्र ठेवला होता. ताईनं डबा दिला आणि कपाटावरची बॅग आता खालीच राहू दे, असं पुटपुटली. भाऊजी गल्लीच्या बरोब्बर मधोमध उभे होते. हातात त्यांची गार्डाची हिरवी झेंडी, जी सेवानिवृत्तीच्या दिवशी रेल्वेला परत करायची राहून गेली होती. पाठ ताठ, नजर दूर. ते झेंडी हलवत राहिले आणि बाजूला व्हायचं विसरले.

इरावतीनं हॉर्न दिला. मग आणखी एकदा. मग काच खाली केली.

“काहून ब...” तिनं सुरुवात केली, समोर सासरे आहेत हे लक्षात आलं, आणि तोंडावर हात ठेवला.

“रस्ता काय तुह्या सासऱ्यानं आंदणात देल्ला का?” ताईनं दारातून वाक्य पुरं केलं.

भाऊजी बाजूला झाले. मारुती फाफाडीहच्या दिशेनं वळली, आणि शेजारच्या वनमालाबाईंनी झाडू टेकवून विचारलं, “पराग्याची बायको इतक्या सकाळी कुठं निघाली?”

वर्षभरात त्यांनी तिला पाहुणी म्हटलं नाही, ही पहिलीच वेळ होती.