त्या पोराला मामा नव्हता

या, असे पुढे सरकून बसा. मांडी घाला म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. गोष्ट अबू धाबीतली आहे, एका ड्रायव्हरची. देवादिकांचं आख्यान नव्हे. पण देवाचं नाव घेऊनच सांगावी अशी आहे.

"वलीभाई, पेटी सांभाळून हं!" मंजुषेने लिफ्टमधून बाहेर पडतापडताच ओरडून सांगितलं.

"ताई, पेटीचा पट्टा कधीच बांधला. तुम्ही तुमचा बांधा," वलीभाई व्हॅनमधून म्हणाले.

खरंच, पुढच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली हार्मोनियम सीटबेल्ट लावून पाहुणीसारखी बसली होती. भात्याला हादरे बसू नयेत म्हणून दर महिन्याला तिची अशीच सोय व्हायची. मंजुषेचा नवरा राजन मुसफ्फा या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत एचआर मॅनेजर. महिन्यातल्या एका रविवारी तो कुणा मराठी घरी कीर्तन करी, आणि कंपनीची व्हॅन घेऊन वलीभाई त्यांना पोचवत. रत्नागिरीकडचा पाचवक्ती नमाजी माणूस; पण कीर्तन सुरू झालं की दाराशी, चपलांच्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकायचा. गोष्टीचं वेडच होतं त्याला.

व्हॅन रस्त्याला लागली तसे वलीभाई आरशात बघत हळूच म्हणाले, "साहेब, ते अरबाबच्या कानावर घातलंत काय?"

अरबाब म्हणजे मालक. साठी झाली की ड्रायव्हरचा करार वाढवायचा नाही, असा कंपनीचा रिवाज होता. वलीभाईंची साठी आता भरत होती, आणि लेक यम्ना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एकच वर्ष हवं होतं. साहेबांनी एक शब्द टाकावा, एवढंच त्यांचं मागणं. ते त्यांनी आधीही मागितलं होतं.

"बघतो, वलीभाई. योग्य वेळ बघून बोलतो," राजन म्हणाला, आणि आख्यानाची टिपणं चाळू लागला.

माणूस वाईट नव्हता हो राजन. पण त्याचं लहानपण वाचनालयातल्या मुलांच्या जुन्या कादंबऱ्यांवर पोसलेलं. प्रत्येकीत एक अनाथ पोर. बूट पुसतं, खोटं बोलत नाही, कुणापुढे हात पसरत नाही. मग एके दिवशी शेठजींची घोडागाडी उधळते, पोर लगाम धरतं, आणि शेवटच्या प्रकरणात तेच पोर पेढीवर लोडाला टेकून बसलेलं! लायक माणसाला मागावं लागत नाही, तो आपोआप नजरेत भरतो, हे राजनच्या अंगात तिथूनच मुरलं होतं. मागणारा माणूस त्याला नकळत जरा उणा वाटायचा.

त्या दिवशी कीर्तनाच्या उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाच्या भागाला, त्याने त्याच पोराची गोष्ट लावली. मध्यंतरात बुक्का लागला होता, गळ्यात मोगऱ्याचा हार होता, तबला मंजुषेच्या पेटीला छान बिलगला होता. घोडागाडी उधळली तेव्हा बायकांनी श्वास रोखले. राजनला चेव आला.

"आणि मंडळी, असं सचोटीचं पोर पुस्तकातच असतं असं नाही! ते बघा, दाराशी बसलेत. आपले वलीभाई! व्हॅनमध्ये कुणाची दागिन्यांची पिशवी राहिली होती. आख्खी पिशवी, त्याच दिवशी परत! कंपनीने सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. वलीभाई लाजून चपला सारख्या करू लागले.

टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून राजनची नऊ वर्षांची अस्मी म्हणाली, "बाबा, सो व्हॉट डिड वलीचाचा बिकम?"

पोरीला खरंच जाणून घ्यायचं होतं. गोष्टीतलं पोर शेठ झालं. मग वलीचाचा काय झाले?

राजनच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. पेटीचा एकच सूर लांबत राहिला.

"ड्रायव्हर झालो, बेटी," दाराशी वलीभाईच बोलले. "पयला पण ड्रायव्हरच होतो. आता एकदम पक्का झालो."

खोली हसण्याने भरून गेली. त्या हसण्याखाली राजनचा चेहरा झाकला गेला. कसंबसं त्याने कीर्तन आवरतं घेतलं. वडीलधारी माणसंही पुढे येऊन त्याच्या पाया पडली, "आज रंगलं हो," म्हणाली. त्याच्या खांद्यामागून वलीभाई पेटी उचलून खाली निघाले होते.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं.

"गोष्ट गोड होती हां, साहेब," वलीभाई म्हणाले. "एक विचारू? त्या पोराला मामा नव्हता काय कोणी?"

"मामा?"

"नाय, सहज. तुम्ही नवीन आलात तवा तुमच्या मामाने अरबाबला फोन केला होता. अरबाब मला बोलला, जा, भाच्याला एअरपोर्टवरून घेऊन ये. म्हणून मी आलो. चांगला माणूस तुमचा मामा. अल्ला त्याला बरकत देवो."

आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर राजनला सोपं गेलं असतं. 'मी एका बॅगेनिशी आलो' ही स्वतःची गोष्ट तो अस्मीला नेहमी सांगायचा. त्या गोष्टीत मामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच तो मालकाच्या केबिनमध्ये गेला. "अरबाब, वो वली का... एक साल और..."

"वली? बहुत अच्छा आदमी!" अरबाबने कावा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केला. "लेकिन राजन, हबीबी, नये ड्राइवर का वीज़ा तो गुरुवार को निकल गया. पहले क्यों नहीं बोला? तू बोलता तो मैं रख लेता. एक फोन का काम था. अब खलास."

एक फोन. कावा तसाच ठेवून राजन बाहेर पडला.

वलीभाई आवारात व्हॅन धूत होते. राजनचा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला.

"खलास?"

"खलास," राजन म्हणाला. "मी उशिरा बोललो, वलीभाई. तुम्ही सांगत होतात तेव्हाच बोलायला हवं होतं."

वलीभाईंनी फडकं पिळलं, झटकलं, आरसा पुसला. मग म्हणाले, "बोललात ना? यम्नाला सांगेन, साहेब माझ्यासाठी बोलले म्हणून. तिला बरं वाटेल."

त्या आरशात राजनला आपलं तोंड दिसलं. तो तिथून हलला.

पुढच्या कीर्तनाला नवा ड्रायव्हर आला. गुणी पोरगा, पेटी त्याने मागे सामानात ठेवली. पुढच्या सीटवर जुनी चादर होती, धुतलेली, चौकोनी घडी केलेली. राजनने पेटी बाहेर काढली, चादरीत गुंडाळली, पुढे बसवली आणि पट्टा लावू लागला. त्याला तो काही केल्या नीट लावता येईना. अस्मी खिडकीतून बघत होती.

तर मंडळी, उठण्याआधी एवढं करा. पेढीवर बसलेल्या त्या पोराच्या नावाने टाळी खुशाल वाजवा. पण वाजवताना एकदा दाराकडे बघा, आणि चपलांशेजारी बसून गोष्ट ऐकणाऱ्या वलीची आठवण ठेवा.