हवेच्या वाटा

मी डब्यांची झाकणे घडवणारा एक जुना पोलादी साचा आहे. मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिले नसेल. पण माझ्या कुशीतून निघालेली झाकणे तुमच्यापैकी पुष्कळांनी उघडली असतील.

एका अबोल कारागिराने मला घडवले. माझे दोन भाग मिटले, की मशीन माझ्या पोकळीत वितळलेले प्लास्टिक दाबून भरते. मग आतल्या हवेने जावे कुठे? म्हणून त्याने माझ्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, कडेवर चार रेघा कोरल्या. केसाच्या जाडीहूनही उथळ. त्यांतून हवा निसटे, प्लास्टिक मात्र आतच राही.

पुढे कारागीर निवृत्त झाला आणि त्याची मुलगी मशीनवर आली. तिची माझ्यावर फार माया. एकदा तिने दिवसभर घासून मला इतके लखलखीत केले, की मीच मनोमन सुखावलो. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झाकणाचा एक कोपरा काळा पडू लागला. कोंडलेली हवा दाबाने तापून प्लास्टिक जाळत होती. मला कारण कळत होते. सांगायला वाचा नव्हती.

"उद्यापर्यंत हा साचा सुधारला नाही, तर भंगारात," कारखान्याचे साहेब म्हणाले.

तिने वडिलांना बोलावून आणले. त्यांनी भिंगातून माझा कोपरा न्याहाळला.

"इथल्या रेघा कुठे गेल्या गं?"

"बाबा, मला ओरखडे वाटले. पॉलिशच्या दगडाने घासून घालवले मी."

त्यांनी भिंग खाली ठेवले. मग हसू लागले.

"दोन दिवस खपलो होतो त्यांच्यासाठी. पोटच्या पोरीला ओरखडे वाटले, म्हणजे काम बारीकच झालं म्हणायचं."

"चिडा तरी नीट."

"कुणावर चिडू? कशासाठी आहेत, ते मीच कधी सांगितलं नाही. माझा हात आता थरथरतो. तू कोर, मी बघतो."

सकाळी पहिले झाकण निघाले. तिने ते साहेबांच्या आधी वडिलांच्या हाती दिले. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कोपरा स्वच्छ होता.

आता दर पाळीला ती मऊ फडक्याने माझ्या रेघांतली काजळी टिपते आणि नव्या कामगाराला आधी त्या रेघाच दाखवते. मी समाधानी आहे. मित्रांनो, आम्हाला जरूर स्वच्छ ठेवा. पण अंगावरची एखादी रेघ पुसण्याआधी ती कशासाठी आहे, एवढे विचारा. आणि तुम्ही स्वतः काही घडवलेत, तर कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगून ठेवा.