चिमासिनच्या मातीची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, रुंद तोंडाची काचेची बाटली आहे. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या बुडाशी एक बुडबुडा राहून गेला होता. म्हणून औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला कधी मीठ, कधी साबणाचा चुरा, अशीच दुय्यम कामं आली.

तिथे बाटल्या धुणारी चिमा होती. बाटलीवरची जुनी चिठ्ठी कोमट पाण्यात भिजवायची, नखाने अलगद सोलायची, मगच नवी लावायची, हा तिचा हट्ट. "आधीचं निघाल्याशिवाय नवं चिकटवू नका," असं ती साहेबांनाही ठणकावून सांगे.

एकदा संशोधक बाईंनी सगळ्यांना घराजवळची माती आणायला सांगितली. मातीतल्या बुरशीपासून त्यांना जखमा चिघळू न देणारं औषध शोधायचं होतं. चिमाने धुण्याच्या दगडाखालची माती माझ्यात भरून आणली. बाईंनी माझ्यावर चिठ्ठी लावली, 'चिमाची माती'. शेकडो नमुने वाया गेले आणि औषध निघालं ते माझ्यातल्या मातीतून!

"नाव शोधत कशाला बसायचं? बाटलीवर लिहिलंय की! चिमासिन," बाई म्हणाल्या. चिमा लाजून मोरीकडे पळाली.

पुढे बाई वारल्या, चिमा निवृत्त झाली. मला दर्शनी दालनात काचेच्या कपाटात बसवलं. नव्या साहेबांना बाटल्या धुणारीचं नाव खटकलं असावं. हे नाव एका प्राचीन भाषेतल्या 'आरोग्य' या शब्दावरून आलं, असं त्यांनी बेधडक छापलं. तशीच सोनेरी चिठ्ठी माझ्यावरही लागली. लावणारा आळशी होता. जुनीवरच चिकटवून मोकळा झाला.

एके दिवशी चिमा नातीला घेऊन आली. 'औषधाला माझ्या आजीचं नाव आहे,' असं नातीने वर्गात सांगितलं, तर सगळे फिदीफिदी हसले होते. नातीने सोनेरी चिठ्ठी वाचली.

"आजी, तू मला खोटं सांगितलंस?"

"नाही गं बाळा..." चिमाचं नख काचेवर टेकलं.

"आजी, कपाटाला हात नका लावू," पहारेकरी म्हणाला.

एवढं रुंद तोंड असून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दोघी निघून गेल्या. जाताना नातीने आजीचा हात धरला नव्हता.

चिमा आता या जगात नाही. नातीच्या लेखी ती अजून खोटारडीच असेल, याचं मला फार वाईट वाटतं. मित्रांनो, कुणाचं नाव कुठून आलं हे वरची चिठ्ठी वाचून ठरवू नका. इकडे आलात तर कोमट पाणी आणा. घाई न करता, चिमासारखं नखाने अलगद सोला. आणि त्याआधी तिच्या नातीला बोलावून घ्या.